द्वारकाबाई मृदुमाया परत करतात

एका जंगलात महाभांडार उघडलं, आणि तिथल्या प्राण्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण फार कुरूप आहोत.

त्याआधी त्यांना हे माहीत नव्हतं, मुलांनो. बिचारे तसेच जगत होते. हत्तीला आपल्या नाकाच्या लांबीचं काही वाटत नसे. अस्वल अंगभर केस घेऊन चारचौघांत फिरायचं. घुबड तर त्याच तोंडाने लग्नकार्यालाही जायचं. कुणी कुणाला काही बोलत नसे. किती मागासलेलं जंगल असेल, कल्पना करा.

मग नदीकाठच्या मोठ्या गुहेत 'रानमाया महाभांडार' सुरू झालं. आत शिरलं की समोर आरसा. डावीकडे आरसा, उजवीकडे आरसा. आणि आरशांच्या मधे डब्या, बाटल्या, ट्यूबा. आठवडाभरात सगळं जंगल लाजेने अर्धं झालं. घुबडाने तर बाहेर पडणंच सोडलं.

भांडाराचे मालक होते भाऊसाहेब बिबटे. होय, बिबट्याच. यात लपवाछपवी काही नव्हती. दारावरच त्यांचा भला मोठा फोटो होता, दोन्ही पंजे जोडलेला. खाली लिहिलं होतं, 'मी बदललो. तुम्ही कधी बदलणार?'

उद्घाटनाच्या भाषणात भाऊसाहेबांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. शिकारीचा धंदा आता परवडत नाही, असं ते म्हणाले. फार धावावं लागतं. गुडघे दुखतात. "यापुढे मी कुणाच्याही मागे धावणार नाही. आता तुम्हीच माझ्याकडे याल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सशांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

या जंगलात खडकाच्या कपारीशी साळिंदरांची एक आळी होती. आळीतल्या तिसऱ्या बिळात द्वारकाबाई राहायच्या. घरात नवरा वामनराव आणि दोन पिल्लं, ठकू आणि चिमण.

द्वारकाबाई म्हणजे आळीतलं खणखणीत प्रकरण. पाठीवर हातभर लांबीचे काळेपांढरे काटे. दाराशी संकट आलं की त्या संकटाकडे पाठ करायच्या, शेपटी खुळखुळवायच्या आणि उलट्या पावली सरळ चालून जायच्या. मागे कोण उभं आहे, हे त्या वळून बघतसुद्धा नसत. ओरडण्यावरून कळायचंच.

तरुणपणी भाऊसाहेबही एकदा त्या आळीत येऊन ओरडून गेले होते. पण ती जुनी गोष्ट. आता ते बदलले होते.

साळिंदरं खरं तर रात्री हिंडणारी जात. पण भांडार दिवसा उघडं असायचं, म्हणून आता सगळी आळी दिवसा हिंडायची आणि रात्री घोरायची. अशाच एका सकाळी द्वारकाबाई भांडारात गेल्या. घ्यायचं काहीच नव्हतं. नुसतं बघून यायचं होतं. मुलांनो, महाभांडारात सगळे असेच जातात.

"या ना, ताई!" विक्रीला उभी असलेली सलोनी खार टुणकन पुढे आली. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्हाला आजवर कधी कुणी मिठी मारलीय?"

द्वारकाबाईंनी आठवून पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा भटजींनी नवरानवरीला दोन काठ्या लांबच उभं केलं होतं. हार काठीच्या टोकाने घातले होते. पिल्लं झाली, तीही नाकाने ढोसत ढोसतच मोठी केली. कुशीत घेणं हा प्रकार त्यांनी सशांच्या घरी पाहिला होता, पण आपल्याकडे ती पद्धत नाही, एवढंच त्यांना वाटलं होतं. आज पहिल्यांदा त्या आरशात आपल्या काट्यांकडे बघत राहिल्या.

सलोनीने नेमकी वेळ साधली आणि एक गुलाबी डबी पुढे केली. 'मृदुमाया. टोचणं सोडा, माया जोडा. सात दिवसांत काटे मऊ. फरक न पडल्यास माल परत.'

"परत घेता ना नक्की?" द्वारकाबाईंनी विचारलं. त्या काही अगदीच भोळ्या नव्हत्या.

"म्हणजे काय! लिहिलंयच ना, ताई. आणि हे कार्ड तेवढं भरून द्या."

कार्डावर बरंच काही विचारलं होतं. नाव. पत्ता. बीळ किती खोल. दारं किती. मागचं दार कुठे उघडतं. घरात माणसं किती, त्यातली लहान किती. दुपारची झोप असते का. माहेरचा पत्ता.

"हे सगळं कशाला गं?"

"सेवेसाठी, ताई. सातव्या दिवशी आमच्याकडून कुणीतरी घरी येऊन विचारपूस करून जातं."

"अगंबाई! इतकं कोण करतं आजकाल?" द्वारकाबाईंना भरून आलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात कार्ड भरलं. मागचं दार जरा आडबाजूला होतं, येणाऱ्याला सापडायचं नाही, म्हणून त्यांनी छोटा नकाशाही काढून दिला. करवंदीच्या जाळीपासून डावीकडे वळायचं, इथपर्यंत त्यात सगळं होतं.

घरी आल्यावर वामनरावांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"थोतांड आहे. मी सांगतो."

"तुम्ही लावू नका म्हणजे झालं."

"मी कशाला लावतोय?"

दुसऱ्या दिवसापासून डबीतलं क्रीम दुप्पट वेगाने संपू लागलं. तिसऱ्या दिवशी वामनरावांच्या खांद्यावरचे काटे एका बाजूला लवले. वारा फार सुटलाय, असं ते म्हणाले. बिळात वारा नव्हता.

चौथ्या दिवशी ठकू नेहमीसारखी आईपासून बेताच्या अंतरावर येऊन बसली. तेवढ्यात चिमणने तिला ढकललं आणि ती थेट आईच्या पाठीवर जाऊन आपटली. सगळ्यांनी डोळे मिटले. पण कुणी ओरडलंच नाही. काटे गवतासारखे वाकले आणि ठकू त्यात रुतून बसली.

"आई," ती म्हणाली, "तू गरम आहेस!"

मग चिमणही धावत आला. दोघं आईला बिलगली ती सुटेनात. द्वारकाबाईंना रडू कोसळलं. मुलांनो, यात हसण्यासारखं काही नाही. एवढं चांगलं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी स्वयंपाकसुद्धा पिल्लांना कडेवर घेऊनच केला.

ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या कुमुदिनीबाई येऊन द्वारकाबाईंच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. "अय्या, रेशीम गं नुसतं!" म्हणाल्या, आणि तशाच भांडारात धावल्या. त्यांच्यामागून सगळी आळी गेली. सगळ्यांनी डब्या आणल्या. सगळ्यांनी कार्डं भरली.

सहाव्या दिवशी दुपारी बिळाच्या तोंडाशी एक रानमांजर आलं. भुरटंच होतं. उंदीर शोधत फिरणारं. द्वारकाबाईंनी सवयीने त्याच्याकडे पाठ केली आणि शेपटी खुळखुळवली.

खुळखुळ झालीच नाही. ओली केरसुणी आपटावी तसा आवाज आला.

तरी त्या उलट्या पावली चालून गेल्या. रानमांजराला गुदगुल्या झाल्या. ते जमिनीवर लोळून हसलं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी म्हणालोच होतो!" वामनराव आतून ओरडले. ते सगळ्यात आतल्या खोलीत होते.

"उद्या येतो हां," जाता जाता रानमांजर म्हणालं. "आमच्या आईलाही दाखवतो."

द्वारकाबाई दारात बसून राहिल्या. पाठीवर ठकू आणि चिमण घसरगुंडी खेळत होते. इतके दिवस या दोघांत आणि बाहेरच्या जंगलात काय उभं होतं, हे द्वारकाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळी उठल्या उठल्या डबी परत करायची, असं त्यांनी ठरवलं.

भांडारात माल घ्यायला दहा खिडक्या होत्या. परत करायला एक होती. ती सगळ्यात आत, जिन्याखाली, जिथे उजेड संपतो तिथे होती. खिडकीवर पाटी होती, 'येथे गर्दी करू नये.' गर्दी नव्हतीच. आत आप्पा कासव बसले होते.

"काय परत करायचंय?"

"मृदुमाया."

आप्पांनी डबी डोळ्यांजवळ धरली. "सील फोडलंय हो हिचं."

"फोडल्याशिवाय लावणार कशी?"

"आणि लावल्यावर आम्ही परत कशी घेणार?"

"पण न लावता कसं कळणार फरक पडला की नाही ते?"

आप्पांनी मान आत घेतली. अवघड प्रश्न आला की ते मान आत घ्यायचे. द्वारकाबाई थांबल्या. बऱ्याच वेळाने मान बाहेर आली.

"बरं. फरक पडला नाही का?"

"पडला ना! भलताच पडला. म्हणून तर परत करतेय."

आप्पांचा चेहरा उजळला. "अहो, मग अभिनंदन! नियम काय आहे? फरक न पडल्यास माल परत. तुम्हाला तर पडलाय. तुम्ही समाधानी ग्राहक!" त्यांनी द्वारकाबाईंचं कार्ड शोधून काढलं आणि त्यावर हळूच फुंकर घालून 'समाधानी' असा शिक्का मारला. "आज सातवा दिवस ना? संध्याकाळी भाऊसाहेब स्वतः येतील."

"कुठे?"

"तुमच्याकडे. समाधानी ग्राहकांकडे ते स्वतःच जातात. नोकरांवर सोडत नाहीत." आप्पांनी कार्ड वाचलं. "मागच्या दाराने येतील. नकाशा फार सुबक काढलाय हो तुम्ही. भाऊसाहेबांनी परवा सगळ्या स्टाफला दाखवला."

द्वारकाबाईंचं लक्ष आप्पांच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे ओळीने फोटो लावले होते. वर लिहिलं होतं, 'आमचे समाधानी ग्राहक'. प्रत्येक फोटोला चंदनाचा हार होता. पहिला फोटो ससे मास्तरांचा. त्यांनी कान आखूड करायचं तेल नेलं होतं. फोटोत कान अगदी बेताचे दिसत होते. शेजारी पाडसवाडीची हरिणी होती. तिने उंच टाचांची खुरं नेली होती. मग आणखी ससे, आणखी हरणं, एक भेकर सहकुटुंब.

"मास्तर बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नाही येत हो. समाधानी ग्राहक सहसा पुन्हा येत नाही. पण एकाचीही तक्रार नाही हं आजवर!" आप्पांनी हे खऱ्या अभिमानाने सांगितलं. आप्पा वाईट नव्हते, मुलांनो. त्यांना पक्की नोकरी होती आणि पाठीला जाड कवच होतं. अशा प्राण्याला सगळं जंगल सुरक्षितच वाटतं.

"माझं कार्ड परत द्या, आप्पा."

"कार्ड मालाबरोबर असतं. माल परत झाला की कार्ड परत. आणि माल परत कधी?"

"फरक न पडल्यास," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बघा, तुम्हाला पाठ झालं!" आप्पा म्हणाले आणि नोंदवहीत हे सगळं लिहू लागले.

द्वारकाबाई घरी आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी वामनरावांना सगळं सांगितलं. वामनराव म्हणाले, पळून जाऊ. तुझ्या माहेरी जाऊ.

"माहेरचा पत्ता कार्डावर आहे."

"मी म्हणालोच..." वामनरावांनी सुरुवात केली. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काटे मऊ पडले तरी बघणं शाबूत होतं.

पिल्लं कोपऱ्यात घर घर खेळत होती. त्यांच्या घराला कुंपण होतं. आळीत वर्षभर गळून पडलेले जुने काटे गोळा करून त्यांनी ते उभं केलं होतं. काटे जुने होते, पण कडक होते. क्रीम आणायच्या आधीचे होते.

द्वारकाबाईंनी त्या कुंपणातला एक काटा उपटून दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "अहो, बाभळीचा डिंक आणा. ओंजळभर."

दुपारभर पिल्लांनी आईच्या पाठीवर एकेक काटा चिकटवला. त्यांना हा खेळ फार आवडला. चिमणने एक काटा उलटा लावला, तो काढून पुन्हा लावावा लागला. काम झाल्यावर ठकू हात पसरून पुढे आली.

"आता जवळ येऊ नकोस," द्वारकाबाई म्हणाल्या.

"का?"

"टोचेल."

ठकूने हात खाली घेतले. द्वारकाबाईंनी रिकामी होत आलेली डबी उचलली आणि मान ताठ ठेवून निघाल्या. त्या अगदी सावकाश चालत होत्या. डिंक अजून ओला होता.

जिन्याखाली आप्पा सकाळचीच नोंद लिहीत होते. 'द्वारकाबाई साळिंदर' इथपर्यंत आले होते.

"मृदुमाया परत करायचीय," द्वारकाबाई म्हणाल्या. "फरक पडला नाही."

"सकाळी पडला म्हणालात!"

"सकाळी न्हाऊन आले होते. ओले होते हो काटे. वाळले आणि पुन्हा होते तसे. बघा की!" द्वारकाबाईंनी पाठ केली. "सात दिवस चोळतेय. हात दुखले. ही काय फसवाफसवी आहे?"

त्यांचा आवाज मुद्दामच वर लागला. त्या दिवशी मृदुमायेवर एकावर एक फुकट होती, त्यामुळे साळिंदरांची सगळी आळी भांडारातच होती. कुमुदिनीबाई पुढे होत्या. सगळे जिन्याकडे वळून बघू लागले. आप्पांची मान आत गेली ती गेलीच.

मॅनेजर कोल्हे धावत आले. "ताई, ताई, शांत व्हा. आमच्याकडे तपासणीची पद्धत आहे. पाठीवरून हात फिरवून बघायचं. टोचलं तर माल परत. अगदी सोपं आहे."

"मग फिरवा."

कोल्ह्यांनी आपला पंजा पाहिला. मग काटे पाहिले. मग पुन्हा पंजा पाहिला.

"ही तपासणी वरच्या पातळीवर झालेली बरी," ते म्हणाले.

भाऊसाहेब वरच्या दालनात संध्याकाळच्या भेटीसाठी अंग चाटून तयार होत होते. ते जिना उतरून आले. गर्दीने वाट करून दिली. कुणीतरी फुलं वाहिली.

"द्वारकाताई!" भाऊसाहेब मायेने म्हणाले. "आपल्या माणसांनी अशी तक्रार करायची? आणि मी तर आज तुमच्याकडेच येणार होतो."

"आधी इथे बघा, भाऊसाहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. डिंक वाळला असेल की नसेल? हात हळू फिरवला तर काटा तिरका होईल, सगळं उघडं पडेल, आणि मग संध्याकाळपर्यंत थांबायचीही गरज राहणार नाही. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मागे वळून बघावंसं वाटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

भाऊसाहेबांचा आपल्या मालावर पूर्ण विश्वास होता. मृदुमायेने एकाही साळिंदराला आजवर दगा दिला नव्हता. त्यांनी गर्दीकडे बघून स्मित केलं, पंजा उंच उचलला, आणि द्वारकाबाईंच्या पाठीवर आपुलकीने थाप मारली.

अकरा काटे पंजात शिरले.

भाऊसाहेब गुरकावले. गेल्या वर्षभरात जंगलाने तो आवाज ऐकला नव्हता. गुहा दणाणली. आरसे थरथरले. आणि भाऊसाहेबांच्या तोंडात किती दात आहेत, ते प्रत्येक आरशात वेगवेगळ्या बाजूने दिसलं. क्षणभर ते अजिबात बदललेले वाटले नाहीत.

मग त्यांनी तोंड मिटलं आणि उरलेल्या एका पंजाने नमस्कार केला.

काटे पंजात रुतले ते रुतलेच. साळिंदराचा खरा काटाही असाच सुटून येतो, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. कोल्ह्यांनी घाईघाईने आप्पांचं कवच ठोठावलं. मान बाहेर आली. शिक्का पडला. 'फरक नाही. माल परत.' कंदांची जी टोपली देऊन डबी आणली होती, ती काही परत मिळाली नाही. तिच्याऐवजी कूपन मिळालं. द्वारकाबाईंनी कूपन तिथेच ठेवलं. कार्ड मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, तोंडात घातलं, आणि नकाशासकट चावून चावून गिळलं.

आता त्यांनी मुकाट्याने घरी जायचं. शहाण्या प्राण्याने हेच केलं असतं. पण दारापाशी त्यांना कुमुदिनीबाई दिसल्या. हातात नवी डबी होती. कडेवर तान्हं होतं.

"कुमुद," द्वारकाबाई कुजबुजल्या, "तुझं कार्ड परत घे. आजच घे."

"का गं? क्रीम खोटं आहे म्हणतेस?"

"खरं आहे! म्हणून तर म्हणतेय. अगं, माझेही मऊच आहेत. हे काटे डिंकाने चिकटवलेत. त्याचे दात नाही पाहिलेस आत्ता?"

कुमुदिनीबाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण ती भाऊसाहेबांची नव्हती.

"म्हणजे तू दुकानाला फसवलंस? एका प्रामाणिक दुकानदाराला? बिचाऱ्याच्या हातातून रक्त येतंय, द्वारके!"

"कुमुद, तुझ्या लेकराकडे बघ जरा."

"माझं लेकरू आता माझ्या कुशीत झोपतं. तुला बघवत नाही ते. स्वतःचे काटे सोडवत नाहीत, आणि नावं दुकानाला!" कुमुदिनीबाई तणतणत जिन्याकडे गेल्या. "थांब, मी सांगतेच भाऊसाहेबांना."

द्वारकाबाई त्यांना अडवायला वळल्या. पण जिन्याखाली तोवर वेगळाच प्रकार सुरू झाला होता. आळीतल्या सगळ्यांना द्वारकाबाईंची लाज वाटत होती. एका साळिंदरामुळे साऱ्या जातीचं नाव खराब झालं होतं. ते भरून काढायला आळीने रांग लावली होती.

"भाऊसाहेब, आमच्या पाठीवर हात फिरवून बघा! आम्हाला फरक पडलाय!"

"आधी माझ्या!"

"पोरांच्याही बघा हो, पोरांनाही लावलंय!"

भाऊसाहेब चांगल्या पंजाने एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होते. प्रत्येक वेळी "वा!" म्हणत होते. शेजारी कोल्हे पत्ते पडताळून घेत होते. कुमुदिनीबाई तक्रार सांगायला पुढे झाल्या, आणि नेमका त्यांचाच नंबर लागला. भाऊसाहेबांचा पंजा पाठीवरून फिरला. कुमुदिनीबाईंनी डोळे मिटले. काय सांगायला आलो होतो, ते त्या विसरून गेल्या.

"पूर्ण समाधानी!" त्या म्हणाल्या.

द्वारकाबाई घरी आल्या. दोन्ही दारं दगडांनी चिणून घेतली.

पुढे फारसं सांगण्यासारखं नाही, मुलांनो. भाऊसाहेब जरा लंगडत होते, पण दिलेला शब्द पाळणारे होते. रोज कुणाचा ना कुणाचा सातवा दिवस असायचा. संध्याकाळी ते विचारपूस करायला जायचे आणि बरेच जड पावलांनी परतायचे. पंधरवड्यात आळी अगदी शांत झाली. रानमांजर एकदा आईला घेऊन आलं होतं, पण द्वारकाबाईंची पाठ बघून दोघं दुरूनच गेली.

वर्षअखेर भांडाराच्या दारावर मोठा फलक लागला. 'साळिंदर विभाग. एकूण ग्राहक शंभर. समाधानी नव्व्याण्णव. तक्रार एक, तीही खोडसाळ.' खाली बारीक अक्षरात, उरलेल्या एका ग्राहकाचंही समाधान करण्याचा प्रयत्न चालू आहे, असं लिहिलं होतं.

तोवर द्वारकाबाईंचे खरे काटे पुन्हा उगवले होते. वामनरावांचेही उगवले होते, आणि आपण क्रीम कधी लावलंच नव्हतं असं ते आता शपथेवर सांगायचे.

एकदा दुपारी चिमण बिळाच्या तोंडाशी बसून रिकाम्या आळीकडे बघत होता.

"आई, कुमुदमावशी तिच्या बाळाला कुशीत घ्यायची."

"हो."

"तू का नाही घेत?"

द्वारकाबाईंना त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. इतकं वाटलं की त्या अर्ध्या उठल्याही. मग पाठीवरचे काटे खुळखुळले, आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

"थोडं लांब सरकून बस, बाळा," त्या म्हणाल्या.

चिमण रुसून लांब सरकला. ठकू आधीच रुसून लांब बसली होती. द्वारकाबाईंनी दोघांना मोजलं. दोन होते. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि मग त्या स्वयंपाकाला लागल्या.

तात्पर्य : समाधानी ग्राहक कधीही तक्रार करत नाही. म्हणून मुलांनो, दुकानात गेल्यावर नेहमी समाधानी असावं, फॉर्म सुवाच्य अक्षरात पूर्ण भरावा, आणि टोचून बोलणाऱ्या शेजारणीला घरात घेऊ नये. दुकानदाराला मात्र मागच्या दाराने यायला सोपं पडेल असं बघावं.